५५५ च्या पोटातले तीन रेझिस्टर

नाशिकचा गंगापूर रोड आता बंगले, हॉटेले आणि द्राक्षमळ्यांकडे जाणाऱ्या शनिवार-रविवारच्या गाड्यांसाठी ओळखला जातो. या रस्त्याची त्याआधीची ओळख शिक्षणाची आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे केटीएचएम महाविद्यालय इथे १९६९ पासून आहे. त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ साली उदाजी मराठा बोर्डिंगच्या आवारात सुरू झाले. जुन्या नाशकातून, सातपूरच्या कामगार वस्त्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून मुले इथे शिकायला येतात. त्यांपैकी ज्याने इलेक्ट्रॉनिक्स घेतले, त्याच्या हातात कधी ना कधी आठ पायांची एक काळी चिप येतेच. तिचे नाव ५५५.

ही चिप म्हणजे टायमर. बाहेरून एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की ती ठरावीक वेळ मोजून देते. सूत्र सोपे आहे: वेळ म्हणजे १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. मुले ते पाठ करतात, प्रयोग करतात, जर्नलवर सही घेतात आणि पुढे जातात. हे १.१ कुठून आले, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. पुस्तकातल्या आकृतीत चिपच्या आत एकाखाली एक असे तीन रेझिस्टर काढलेले असतात आणि प्रत्येकाशेजारी 'पाच किलो-ओहम' असे लिहिलेले असते. १.१ चे उत्तर त्या तिघांत आहे. आणि गंमत अशी की ते पाच किलो-ओहम बहुतेक वेळा पाच किलो-ओहम नसतात.

चिपच्या आत व्होल्टेजची वाटणी कशी करायची, या प्रश्नाला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याकडे शिकवला जात नाही. सूत्र शिकवले जाते आणि सूत्रामागची हिकमत गळून जाते. माझ्या मते नुकसान तिथेच होते.

आधी वाटणी म्हणजे काय ते पाहू. बॅटरीच्या प्लस आणि मायनसमध्ये दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले की पूर्ण व्होल्टेज त्या दोघांत विभागले जाते. ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. मधल्या सांध्यावरून तार काढली की हवा तेवढा हिस्सा मिळतो. याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. यात महत्त्वाचे काय, तर मिळणारा हिस्सा दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो. एक आणि दोन ओहम घ्या, एक हजार आणि दोन हजार घ्या किंवा एक लाख आणि दोन लाख घ्या. खालच्या रेझिस्टरवर दोन-तृतीयांशच मिळणार. एक अट मात्र आहे. मधल्या सांध्यावरून फार प्रवाह उपसायचा नाही. कालव्याच्या मध्येच कुणी मोटार टाकून पाणी ओढले की टेलच्या शेतकऱ्याचे काय होते, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. डिव्हायडरचेही तेच. मध्ये ओढ बसली की वाटणीचा हिशोब बिघडतो.

ही कल्पना चिपपेक्षा फार जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये तारेच्या लांबीवर व्होल्टेज वाटून मोजमाप करण्याची पद्धत मांडली. पुढे समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबली आल्या. त्या केबली तपासणाऱ्या अभियंत्यांपैकी क्रॉमवेल वार्ली यांचे नाव आजही एका अचूक डिव्हायडरला चिकटलेले आहे. १८७० साली मुंबई समुद्री केबलने एडन आणि सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. हजारो मैल लांब केबल नेमकी कुठे तुटली आहे, हे किनाऱ्यावरच्या खोलीत बसून शोधायचे, तर रोधांची तुलना करण्यावाचून मार्ग नव्हता. त्या काळचे रेझिस्टर म्हणजे कारागिराने हाताने गुंडाळलेली तार. थोडी जास्त झाली तर कापा, कमी पडली तर वाढवा. प्रत्येक नग तपासून, घासूनपुसून अचूक करता येत होता.

चिपने ही सोयच काढून घेतली.

जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये आणि रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी एकात्मिक परिपथ, म्हणजे आयसी, साकारला. सगळे घटक सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बनवायचे ठरले. मग रेझिस्टर कसा बनवायचा? सिलिकॉनच्या पृष्ठभागावर एक चिंचोळी पट्टी आखायची आणि भट्टीत तापवून त्या पट्टीत बोरॉनसारखे मूलद्रव्य मुरवायचे. मुरलेली पट्टी हाच रेझिस्टर. तिचा रोध चौकोनांवर मोजतात. पट्टीच्या रुंदीएवढे किती चौकोन तिच्या लांबीत बसतात, तेवढे मोजायचे. चौकोन लहान असो वा मोठा, त्याचा रोध तितकाच, साधारण शंभर ते दोनशे ओहम. पाच किलो-ओहमची पट्टी हवी असेल तर असे पंचवीस ते पन्नास चौकोन लागतात.

अडचण भट्टीत आहे. मूलद्रव्य किती खोल मुरले, किती दाट मुरले, हे प्रत्येक खेपेला थोडे बदलते. त्यामुळे आजची पट्टी आणि पुढच्या आठवड्यातली पट्टी यांच्या रोधात सहज वीस टक्क्यांचा फरक पडतो. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही पैशांना मिळणारा कार्बनचा रेझिस्टरसुद्धा पाच टक्क्यांच्या आत असतो. चिपमधला रेझिस्टर त्याच्यापेक्षा वाईट! त्यात तापमानाची भर. अशा पट्टीचा रोध दर अंशाला सुमारे ०.२ टक्के वाढतो. नाशिकची डिसेंबरातली दहा अंशांची पहाट आणि मे महिन्यातली चाळीस अंशांची दुपार धरली, तर तीस अंशांत सहा टक्के. नंतर घासून दुरुस्त करावे म्हटले तर पट्टी काचेसारख्या थराखाली बंद झालेली. असा बेभरवशाचा माल घेऊन अचूक यंत्र बनवायचे कसे?

उत्तर ज्यांना लवकर सापडले त्यांत फेअरचाइल्ड कंपनीतले बॉब विडलर हे नाव मोठे आहे. माणूस तऱ्हेवाईक आणि दारूच्या आहारी गेलेला. पण १९६४ चा 'म्यू-ए ७०२' आणि १९६५ चा 'म्यू-ए ७०९' हे त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर पाहिले की या क्षेत्राला वळण कुठे मिळाले ते कळते. तोवर बरेच जण सुट्या भागांचे सर्किट घेऊन तेच सिलिकॉनवर उतरवायचा प्रयत्न करत होते. विडलर यांचे म्हणणे असे की सिलिकॉनचा स्वभाव वेगळा आहे, तर सर्किटही त्याच स्वभावाचे हवे. एका चिपवरचा एकच घटक पाहिला तर तो भरवशाचा नाही. पण एकाच चिपवर शेजारी-शेजारी, एकाच आकाराचे, एकाच भट्टीतून निघालेले दोन घटक एकमेकांशी विलक्षण जुळतात. वीस टक्के चुकायचे तर दोघेही वीस टक्केच चुकतात, तापले तर दोघेही सारखेच तापतात. एकाच पिठाच्या, एकाच तव्यावरच्या दोन भाकरींसारखे. मीठ जास्त पडले तर दोन्हींत जास्त. अरुंद पट्ट्यांमधला आपसातला फरक एक-दोन टक्के भरतो आणि रुंद पट्ट्या काढल्या तर ०.२ टक्क्यांपर्यंत खाली येतो. म्हणजे स्वतःच्या किमतीत वीस टक्के, पण जोडीत ०.२ टक्के. शंभर पट फरक.

आता डिव्हायडर पुन्हा आठवा. त्याला फक्त गुणोत्तर लागते. सिलिकॉन जे नीट देऊ शकते, नेमके तेच. सराफ बाजारातला जुना तराजू असाच वागतो. स्प्रिंगचा काटा स्प्रिंग सैल झाली की खोटे बोलू लागतो. दोन पारड्यांचा तराजू एका वजनाची दुसऱ्याशी तुलना करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंवर सारखाच परिणाम करणारी गोष्ट त्याला फसवू शकत नाही.

यातून बनलेली सर्वांत लोकप्रिय वस्तू म्हणजे आपला ५५५. तो बनवणारे हान्स कामेनझिंड मूळचे स्वित्झर्लंडचे, १९६० मध्ये अमेरिकेत आले. सिग्नेटिक्स कंपनीत त्यांनी आधी असा एक ऑसिलेटर रचला होता, ज्याची वारंवारिता पुरवठ्याच्या व्होल्टेजवर किंवा तापमानावर अवलंबून राहत नव्हती. त्याच धाग्यावर टायमरची चिप बनवू, असे त्यांनी नोकरी सोडून कंत्राटी सल्लागार झाल्यावर कंपनीला सुचवले. कंपनीतल्या अभियंत्यांना ते पटले नाही. हे काम आमच्याच इतर चिप जोडून होते, वेगळी कशाला, असा त्यांचा आक्षेप. विक्री विभागाच्या आर्ट फ्युरी यांनी मात्र होकार दिला.

१९७१ च्या उन्हाळ्यात पहिली रचना तपासली गेली. तिच्यात कपॅसिटर भरण्यासाठी स्थिर प्रवाह देणारा भाग होता आणि एकूण नऊ पाय लागत होते. नऊ पायांची चिप म्हणजे चौदा पायांचे महाग खोके. पुढे कामेनझिंड यांच्या लक्षात आले की स्थिर प्रवाहाची गरजच नाही. कपॅसिटर साध्या रेझिस्टरमधून थेट पुरवठ्याकडून भरू द्यावा. तसे भरताना त्याची गती पुरवठ्याच्या व्होल्टेजवर ठरते हे खरे. पण ज्या रेषेपर्यंत भरायचे ती रेषासुद्धा त्याच पुरवठ्याचा ठरावीक हिस्सा असेल तर? पुरवठा वाढला तर गती वाढेल आणि रेषाही तितकीच वर सरकेल. वेळ तीच राहील. एक पाय कमी झाला, चिप आठ पायांच्या लहान खोक्यात बसली. ऑक्टोबर १९७१ मध्ये ही दुसरी रचना मान्य झाली आणि १९७२ मध्ये ५५५ बाजारात आला.

ती रेषा आखणारे तेच आपले तीन रेझिस्टर. प्लसपासून मायनसपर्यंत तीन सारख्या पट्ट्या. मधले दोन सांधे म्हणजे पुरवठ्याचा एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तीन आणि सहा व्होल्ट, पाच व्होल्टवर १.६७ आणि ३.३३. कपॅसिटर शून्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरायला लागणारा वेळ काढला की त्यात ३ चा नैसर्गिक लॉगरिदम येतो. तो १.०९८६. हेच पुस्तकातले १.१. चिप सतत चालू-बंद होते तेव्हा कपॅसिटर एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश यांच्यामध्ये ये-जा करतो आणि २ चा लॉगरिदम येतो, ०.६९३. दोन्ही आकड्यांत पाच किलो-ओहम कुठेही नाही. पाचऐवजी सहा झाले, चार झाले, तरी १.१ हलत नाही. (५५५ हे नाव तीन पाच-किलोंवरून पडले अशी समजूत सगळीकडे पसरली आहे. कामेनझिंड यांनी स्वतः ती नाकारली होती. आकडा फ्युरी यांनी असाच निवडला.)

कागदपत्रांतले आकडे पाहिले की या हिकमतीची ताकद कळते. आतल्या पट्टीचा रोध अंशागणिक साधारण दहा लाखांत दोन हजार भाग बदलतो. त्याच पट्ट्यांवर बेतलेल्या टायमरची वेळ मात्र अंशागणिक दहा लाखांत जेमतेम पन्नास भाग हलते आणि पुरवठा एक व्होल्टने बदलला तर ०.१ टक्का. हे अर्थातच बाहेरचे रेझिस्टर-कपॅसिटर चांगले आहेत असे धरून. संध्याकाळी गावात व्होल्टेज कमी-जास्त होते तेव्हा अशा टायमरची किंमत कळते. आपल्याकडच्या मेकॅनिकांनी ही चिप डोळे झाकून वापरली, ती तिच्या या इमानामुळे.

कामेनझिंड यांनी चिपचा नकाशा हाताने काढला. सुमारे पंचवीस ट्रान्झिस्टर आणि पंधरा-सोळा रेझिस्टर. तो नकाशा लाल पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर सुरीने कापून घ्यायचा, मग छायाचित्राने लहान करायचा, अशी तेव्हाची रीत. हे काम शिंप्याच्या कटिंगसारखे आहे आणि त्यातच डिव्हायडरची खरी परीक्षा असते. कारण 'शेजारी ठेवले की जुळतात' हे सूत्रासारखे पाठ करून भागत नाही. तिन्ही पट्ट्या एकाच दिशेने काढाव्या लागतात. एक आडवी, एक उभी चालत नाही. रुंदी सारखी हवी, कारण भट्टीत आणि आम्लात कडा थोड्या सरकतात आणि अरुंद पट्टीला ते जास्त लागते. ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीला एका बाजूला शेजारी नसतो, म्हणून ती वेगळी खोदली जाते. मग दोन्ही टोकांना एकेक बिनकामाची पट्टी ठेवायची, नुसती सोबतीला. तापणारा मोठा ट्रान्झिस्टर एका कोपऱ्यात असेल तर सगळ्या पट्ट्यांना त्याची धग सारखी लागेल अशी त्यांची मांडणी करायची. वरून प्लास्टिकचे खोके ओतले की ते थंड होताना सिलिकॉनला दाबते, आणि दाबलेल्या सिलिकॉनचा रोध बदलतो. म्हणून कडा टाळायच्या.

आणखी एक बारकावा मला विशेष आवडतो. ही पट्टी ज्या सिलिकॉनच्या खाचेत बसते, तिच्यात आणि पट्टीत एक उलटा डायोड असतो. त्या डायोडवर जितके जास्त व्होल्टेज, तितकी पट्टी बाजूंनी थोडी आकसते आणि तिचा रोध वाढतो. डिव्हायडरमध्ये वरच्या पट्टीवर आणि खालच्या पट्टीवर हा ताण वेगवेगळा पडतो. म्हणजे आकाराने हुबेहूब भावंडेसुद्धा कोणत्या जागी उभी आहेत त्यावरून किंचित वेगळी वागतात. हा फरक लहान असतो. पण अचूकता वाढवत नेली की शेवटी तोच आडवा येतो.

दुरुस्तीच्या दुकानात ५५५ इतकेच ओळखीचे दुसरे नाव म्हणजे ७८०५, तीन पायांचा रेग्युलेटर. त्याची भावंडे ७८१२ आणि ७८१५. या चिपच्या आत एक स्थिर संदर्भ-व्होल्टेज असते आणि बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजचा हिस्सा काढून त्याच्याशी ताडून पाहिला जातो. बारा हवेत की पंधरा, हे मुख्यतः आतल्या डिव्हायडरच्या गुणोत्तरावर ठरते. एकच चिप, एका पट्टीची लांबी बदलली की नवा नंबर. मेकॅनिक या नंबरांना स्वतंत्र वस्तू समजतो, आणि त्याच्या कामापुरते ते बरोबरच आहे.

रेझिस्टरच्या डिव्हायडरची एक खोड मात्र जात नाही. तो काही काम करो वा न करो, सतत प्रवाह खातो. ५५५ च्या तीन पट्ट्या मिळून पंधरा किलो-ओहम, म्हणजे नऊ व्होल्टवर ०.६ मिलिअ‍ॅम्पिअर चोवीस तास. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला हे परवडत नाही. त्यावर तोडगा निघाला तो वेगळ्याच वाटेने, आणि त्या वाटेवर एक इजिप्शियन माणूस उभा आहे.

मोहम्मद अताल्ला यांचा जन्म १९२४ मध्ये पोर्ट सैद इथे झाला. कैरोत शिकून ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गेले, तिथे १९४९ मध्ये डॉक्टरेट केली आणि मग बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. सिलिकॉनचा उघडा पृष्ठभाग हा तेव्हा मोठा शत्रू होता. त्यावर अडकलेले विद्युतभार सगळा खेळ बिघडवायचे. त्यावर उष्णतेने सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचा, शुद्ध थर वाढवला तर पृष्ठभाग शांत होतो, हे अताल्ला यांच्या कामाने दाखवून दिले. त्यातूनच त्यांनी आणि कोरियन सहकारी डावोन कांग यांनी मॉस ट्रान्झिस्टर बनवला आणि १९६० मध्ये तो जगापुढे मांडला. आज तुमच्या फोनमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. मुस्लिम जगाने विज्ञानाला काय दिले, या विषयावर आपल्याकडे बोलणारे बहुतेक वक्ते बगदाद आणि कुर्तुब्यापाशी थांबतात. अताल्ला त्यांच्या यादीत क्वचित असतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

आपल्या विषयाला अताल्ला यांचा थर दुसऱ्या कारणाने महत्त्वाचा. दोन वाहक थरांमध्ये तो ठेवला की उत्तम कपॅसिटर तयार होतो. आणि कपॅसिटरनेही व्होल्टेज वाटता येते. दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडले की व्होल्टेजची वाटणी त्यांच्या क्षमतेच्या व्यस्त गुणोत्तरात होते, आणि एकदा वाटणी झाली की प्रवाह थांबतो. सतत खाणे नाही. कॅलिफोर्नियात बर्कली इथे जेम्स मॅक्रिअरी आणि पॉल ग्रे यांनी डिसेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याच कल्पनेवर व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारी चिप मांडली. एक, दोन, चार, आठ अशा पटीतल्या कपॅसिटरांची रांग. मोठा कपॅसिटर हवा तर मोठा चौकोन काढायचा नाही, कारण आम्लाने कडा खाल्ल्या की लहान आणि मोठ्या चौकोनांचे नुकसान वेगवेगळ्या प्रमाणात होते. एकाच मापाचे छोटे चौकोन हवे तितके जोडायचे. शिवाय थराची जाडी चिपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडी बदलते, म्हणून प्रत्येक गटाचे चौकोन मध्यबिंदूभोवती समोरासमोर मांडायचे, म्हणजे एका बाजूची वाढ दुसऱ्या बाजूच्या घटीने फिटते. आज फोनमध्ये आवाज, बॅटरी आणि तापमान मोजणाऱ्या चिपांत याच कल्पनेचे वंशज काम करतात.

दहा बिटांपर्यंत, म्हणजे हजारातला एक भाग ओळखण्यापर्यंत, चांगल्या मांडणीने निभावते. सोळा बिटांसाठी ६५,५३६ मधला एक भाग ओळखावा लागतो. तिथे कुठलीही भावंडे पुरेशी सारखी नसतात. १९८४ मध्ये बर्कलीतूनच पुढचे पाऊल पडले: चिपने स्वतःच्याच कपॅसिटरांची आपसात तुलना करायची, चूक मोजायची, लक्षात ठेवायची आणि प्रत्येक मोजमापातून ती वजा करायची. टेक्सासमधल्या क्रिस्टल सेमिकंडक्टर कंपनीने अशा स्वतःला तपासणाऱ्या चिप बाजारात आणल्या. ही कंपनी १९९१ मध्ये सिरस लॉजिकने विकत घेतली. सिरस लॉजिकचे संस्थापक सुहास पाटील. जन्म १९४४, जमशेदपूर. खरगपूरच्या आयआयटीतून पदवी, एमआयटीतून डॉक्टरेट. १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी 'पाटील सिस्टिम्स' काढली, तीच पुढे सिरस लॉजिक झाली. स्वतः पाटील यांचा विषय तर्क-परिपथांचा, डिव्हायडरचा नव्हे. पण संगीत ऐकवणाऱ्या चिपांच्या जगात ज्या कंपनीचे आज नाव आहे, तिच्या मुळाशी 'पाटील' ही पाटी होती, हे गंगापूर रोडवरच्या किती मुलांना माहीत असेल?

भारतातही सुरुवात उशिरा झाली नव्हती. मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथे भीषण आग लागली आणि देश अनेक वर्षे मागे गेला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची सेमिकंडक्टर योजना जाहीर केली, आणि तेव्हापासून कारखाने, जमीन, अनुदान यांच्याच बातम्या येतात. चिपचा नकाशा काढणाऱ्या माणसांची बातमी होत नाही. वास्तविक अ‍ॅनालॉग चिपचा नकाशा अजूनही बऱ्याच अंशी माणसाच्या नजरेने आणि हाताने मांडला जातो. सुरीच्या जागी संगणक आला, कोणती पट्टी कुणाच्या शेजारी बसवायची हा विचार तोच राहिला.

या कामाला लागणारी समज आपल्या मुलांत नाही, असे मला अजिबात वाटत नाही. आमच्या समाजातली कितीतरी मुले टीव्ही-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून या विषयात येतात. उस्तादाच्या हाताखाली त्यांनी ७८०५ शेकडो वेळा बदललेला असतो. कुठला भाग तापतो, कुठला आधी जातो, हे त्यांना बोटांनी कळते. मग डिप्लोमाला किंवा डिग्रीला गेले की इंग्रजीतले सूत्र समोर येते आणि दुकानातले ज्ञान वेगळे, वर्गातले वेगळे, अशी भिंत उभी राहते. रमाकांत गायकवाड यांचे ऑप-अ‍ॅम्पवरचे जगभर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक आपल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. मुंबई आयआयटीच्या प्रा. चांदोरकरांची अ‍ॅनालॉग चिप-रचनेवरची व्याख्याने इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. नावे मराठी, भाषा इंग्रजी. ते समजू शकते. पण 'एकटा रेझिस्टर खोटा, जोडी खरी' ही गोष्ट सांगायला इंग्रजी कशाला लागते? ती मराठीत सांगितली, भाकरीच्या आणि तराजूच्या उदाहरणाने सांगितली, तर दहावीच्या मुलालाही कळेल. परीक्षेत गुण सूत्राला असतात, म्हणून ती सांगितली जात नाही. नंतर हीच मुले नोकरीच्या मुलाखतीत अडतात, कारण तिथे सूत्र कुणी विचारत नाही. पट्ट्या कशा मांडशील, असे विचारतात.

ज्यांना ही गोष्ट स्वतः पाहायची आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. साधे ५५५ चार-पाच घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा जुन्या बोर्डांवरून काढलेले. नऊ व्होल्टचा पुरवठा, चांगला मल्टिमीटर आणि दहा किलो-ओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर. आठवा आणि चौथा पाय प्लसला, पहिला मायनसला. दुसरा पाय प्लसला आणि सहावा मायनसला बांधून ठेवा, म्हणजे ते लोंबकळत राहणार नाहीत. आता पाचव्या पायावर व्होल्टेज मोजा. हा पाय म्हणजे डिव्हायडरचा दोन-तृतीयांशाचा सांधा. प्रत्येक चिपवर साधारण सहा व्होल्टच दिसतील.

मग पाचव्या पायापासून मायनसला तो दहा किलो-ओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा मोजा. म्हणजे मुद्दाम कालव्यात मोटार टाकायची. आतली पट्टी खरोखर पाच किलो-ओहमची असेल तर ४.५ व्होल्ट येतील. ४.२९ आले तर पट्टी सहा किलो-ओहमची, ४.७४ आले तर चारची. हिशोब असा: पहिले व्होल्टेज भागिले दुसरे व्होल्टेज, त्यातून एक वजा करा, आलेल्या आकड्याला पंधराने गुणा, उत्तर किलो-ओहममध्ये मिळेल. पहिल्या रकान्यात सगळ्या चिप सारख्या आणि दुसऱ्या रकान्यात विखुरलेल्या दिसतील. एखाद्या चिपचे व्होल्टेज एकदम एका व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली कोसळले, तर ती बहुधा बिघडलेली नाही. तिचा नंबर नीट वाचा. ती सीमॉस प्रकारातली, म्हणजे ७५५५ किंवा तशीच एखादी निघेल. प्रवाह वाचवण्यासाठी तिच्या आतल्या पट्ट्या पाचऐवजी शंभर किलो-ओहमच्या घरात ठेवलेल्या असतात. तिचेही १.१ तेच.